डेमोशेठ

अंबड, भोसरी, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत शिरा, डेमोशेठ भेटणारच. गाळा भाड्याचा, व्हीएमसी मशीन हप्त्यावरचं, आणि शेठ कित्येक वर्षं ‘परवडणारं कॅम’ शोधताहेत. कॅम म्हणजे काय, हे ते नव्या माणसाला फार छान समजावतात. “कॅडमध्ये पार्ट काढायचा, कॅममध्ये टूल कुठून कसं फिरणार ते ठरवायचं, जी-कोड मशीनला द्यायचा. सोपं आहे.” इतकं सोपं असल्यामुळेच बहुधा त्यांनी अजून घेतलेलं नाही.

बंगळूरला आयएमटेक्स हे मशीन टूलचं प्रदर्शन भरलं की शेठ पहिल्या दिवशी हजर. परतताना कापडी पिशव्या, पेनं आणि कॅटलॉगांची चळत. मास्टरकॅमपासून पॉवरमिलपर्यंत सगळे सेल्सवाले त्यांना नावानं ओळखतात, म्हणूनच त्यांचा फोन उचलत नाहीत. एखादा नवा पोरगा मात्र सापडतो. तो लॅपटॉप उघडून पाच अ‍ॅक्सिसमध्ये टर्बाइनचं पातं कोरून दाखवतो. शेठच्या गाळ्यात बनतात ब्रॅकेट आणि प्लेटा. त्यांना अडीच अ‍ॅक्सिस पुरून उरतात. पण “पुढेमागे लागलं तर?” मग किंमत निघते, किंमत ऐकून चहा मागवला जातो, आणि कोथिंबीर मागावी तशा सुरात शेठ म्हणतात, “आणि पोस्ट फुकट टाका.”

खरी गोम त्या कोथिंबिरीतच आहे. कॅमनं आखलेली टूलची वाट आपल्या कंट्रोलरला कळेल अशा कोडमध्ये उतरवतो तो पोस्ट प्रोसेसर. फानुकचा वेगळा, सिमेन्सचा वेगळा. तो बिघडला असेल आणि टूल वर न उचलता मशीन आडवं पळालं, तर व्हाइस, टूल आणि स्पिंडल तिघांचा निकाल एकदमच लागतो. तरी डेमोत पोस्ट कोणी चालवून पाहत नाही. टर्बाइनचं पातं सगळे पाहतात.

दरम्यान काम चालतं ट्रायलवर. एक ट्रायल शेठच्या ई-मेलवर, पुढची मेव्हण्याच्या, त्यापुढची मेव्हण्याच्या मुलाच्या. मुलगा सहावीत आहे, पण कागदोपत्री प्रॉडक्शन मॅनेजर. मध्यंतरी ऑटोडेस्कच्या फ्यूजनचं फुकटचं ‘पर्सनल’ लायसन्स घेऊन झालं. ते धंद्यासाठी नसतं, असं सांगितलं तर शेठ म्हणाले, “प्रोप्रायटरी फर्म आहे माझी. याहून पर्सनल काय असतं?” ऑटोडेस्कनं ऑक्टोबर २०२० पासून त्या फुकटच्या लायसन्समधून रॅपिड काढून घेतलं आहे. म्हणजे मोकळ्या हवेतूनही टूल कटिंगच्याच वेगानं सरकणार. शेठच्या मशीनवर दोन भोकांमधल्या प्रवासात ऑपरेटरचा डबा खाऊन होई.

हा ऑपरेटर अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीचा. नंदुरबारला आयटीआय करून आलेला, बोलायला कमी. त्याची एकच अट होती. होळीला रजा तो मागत नाही, सांगतो. “आमच्या संस्थानाची होळी आहे, शेठ.” काठीच्या राजवाडी होळीला गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही माणसं सातपुड्यात चढून येतात, रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. होळीच्या दांड्यासाठीचा खड्डा तिथे हत्यार न लावता हातानंच खणतात. हे ऐकून शेठ खूश झाले. “बघा, पॉकेट मिलिंग, आणि सॉफ्टवेअरचा खर्च शून्य!”

पोरगा होळीला गेला आणि त्याच आठवड्यात ग्राहकाचं ड्रॉइंग बदलून आलं, रिव्हिजन ‘सी’. एक भोक दोन मिलिमीटर सरकलेलं. कॅम कॅडच्या आतच असतं, तर मॉडेल बदलल्यावर टूलपाथ पुन्हा जनरेट केला की काम झालं असतं. शेठकडे कॅड एकीकडे, ट्रायल दुसरीकडे. स्टेप फाइल काढा, तिकडे उघडा, भोकं पुन्हा निवडा. शेठनं स्वतः बसून केलं. बाकी सगळी भोकं निवडली, सरकलेलं तेवढं जुन्याच जागी राहिलं. अख्खा लॉट भंगारात गेला. त्या भंगाराच्या वजनात वर्षाचं लायसन्स बसलं असतं, पण भंगार एकरकमी दिसत नाही आणि कोटेशन दिसतं.

पोरगा परत आला. त्यानं कपाळावर आठी न घालता शेठचं कॅड, म्हणजे सॉलिडवर्क्स, उघडलं. ते मात्र शेठकडे रीतसर विकत घेतलेलं, दरवर्षी सबस्क्रिप्शन भरलेलं. त्यातला एक टॅब दाखवून तो म्हणाला, “शेठ, हे कॅमच आहे ना?”

होतं. २०१८ च्या आवृत्तीपासून सबस्क्रिप्शन चालू असणाऱ्यांना सॉलिडवर्क्स कॅमची स्टँडर्ड आवृत्ती त्यातच मिळते. अडीच अ‍ॅक्सिस मिलिंग करते, म्हणजे शेठच्या सगळ्या प्लेटा. तिच्या पोटात इंजिन कॅमवर्क्सचं, जे एचसीएल या आपल्याच देशातल्या कंपनीचं प्रॉडक्ट. शेठ वर्षानुवर्षं पैसे भरत होते आणि टॅब वर्षानुवर्षं तिथेच बसून होता.

शेठ बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, “असं? मग याचा डेमो कोण देतं?”

तुमच्याकडे कॅडचं सबस्क्रिप्शन चालू असेल, तर आधी त्यातले न उघडलेले टॅब उघडा. नसेलच काही, तर फ्रीकॅड फुकट आहे आणि त्यातही कॅमचं वर्कबेंच आहे. काहीही घ्या, पण पोस्ट आपल्याच मशीनवर, आपल्याच जॉबवर, टूल हवेत ठेवून चालवून पाहा आणि मगच चेकबुक काढा. शेठना विचारायला जाऊ नका. मंगळवारी त्यांच्याकडे डेमो आहे.