तिफणवाल्याच्या नावाचा बँड

मृग कोरडा गेला की मारेगावात कृषी केंद्रासमोरच्या बाकड्यावर गर्दी वाढते. बियाणं घेऊन झालेलं असतं, पाऊस आलेला नसतो, आणि अशा वेळी माणूस काहीही ऐकून घ्यायला तयार असतो. हे हेरून मी तिथे एकदा मोबाइलवर जेथ्रो टल या इंग्रजी बँडचा ‘थिक ॲज अ ब्रिक’ लावला.

१९७२चा हा अख्खा अल्बम म्हणजे एकच गाणं. लांबी पाऊण तासाला मिनिटभर कमी. तबकडीच्या एका बाजूला मावेना म्हणून मधोमध तोडून उलट्या बाजूला नेलेलं. आधी गिटार घेऊन कुणी निवांत गुणगुणतो, मग ऑर्गन अंगावर येतो, मधूनच लोकगीतासारखी चाल लागते, आणि या सगळ्यातून बँडचा म्होरक्या इअन अँडरसनची बासरी वाट काढत जाते. हा गृहस्थ एका पायावर उभा राहून बासरी वाजवायचा. आपल्याकडे ती जागा आधीच भरलेली आहे, पण असो.

खंजिरी भजनात पेटी धरणारे एक काका कान देऊन होते.

“एकच गानं व्हय का हे?”

“हो, काका.”

“मंग बुवा च्या कवा पेते?”

लांबीचं त्यांना काहीच वाटलं नाही. एकादशीला रात्र काढणाऱ्यांना पाऊण तासाचं काय कौतुक! त्यांनी नावाची चौकशी केली. मी सांगितलं, खरा जेथ्रो टल हा इंग्लंडातला शेतकरी. १७०१च्या सुमारास त्याने तीन ओळी एकदम पेरणारं यंत्र केलं.

“म्हंजे तिफनच ना बाप्पा! त्यात काय नवं?”

बाकडं हसलं. नवं एवढंच, की बी सोडायची कळ टलला चर्चमधल्या ऑर्गनवरून सुचली होती. वाद्यातून औत निघालं आणि अडीचशेहून अधिक वर्षांनी औतवाल्याच्या नावाचा वाद्यवृंद निघाला. तेही ठरवून नव्हे. सुरुवातीला या पोरांना एका क्लबात दुसऱ्यांदा कुणी बोलावत नसे, म्हणून ती दर वेळी नवं नाव लावून जात. हे नाव असताना पुन्हा बोलावणं आलं, तेच चिकटलं.

आधीच्या अल्बमवर समीक्षकांनी ‘संकल्पनाधिष्ठित’ असा शिक्का मारला, तो अँडरसनला पटला नाही. घ्या मग, म्हणून त्याने ही थट्टा रचली: शब्द म्हणे गेराल्ड बोस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या पोराचे, आणि वेष्टन म्हणजे बारा पानी खोटं गावठी वर्तमानपत्र. पोरगा खरा आहे असं मानणारेही निघाले. अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

अशा संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. यात रॉक किती, लोकसंगीत किती, शास्त्रीय किती, हा हिशेब समीक्षकांना फार छळतो. मारेगावच्या शेतात पऱ्हाटीच्या काही ओळींमागे तुरीची एक ओळ असते. धुऱ्यावर उभं राहून हे वावर नक्की कशाचं, असं कुणी विचारत नाही.

आणि मराठीत अशी सरमिसळ आधीच झालेली आहे. १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणला. मूळ नाटक जर्मन नाटककार ब्रेख्तचं, मराठी रूप पु. ल. देशपांडे यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. संगीतात भास्कर चंदावरकर, आमच्या अकोल्याचे आनंद मोडक आणि नंदू भेंडे. भेंडे म्हणजे अस्सल रॉक गायक. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडास केला होता. इथे तेच नायक अंकुश झाले, आणि तमाशा, नाट्यसंगीत नि रॉक एकाच पडद्यामागे नांदले.

तेव्हा प्रोग्रेसिव्ह रॉक आपल्या डोक्यावरून जातो म्हणणाऱ्या मराठी माणसाने आधी त्या नाटकातली गाणी मिळवून ऐकावीत. मग डवरणीची घाई नसेल त्या दिवशी जेथ्रो टल लावावा. आणि च्या आधीच पिऊन घ्यावा.