तिकडचे काका

आमच्या धाकट्याला बरीच वर्षं 'तिकडे' हे एका देशाचं नाव वाटत होतं. दुसरीत असताना बाईंनी वर्गात जगाचा नकाशा लावला आणि कोणाचे नातेवाईक कुठल्या देशात आहेत ते विचारलं. याने हात वर करून सांगितलं, "माझे काका तिकडेला असतात." नकाशावर बोट ठेव म्हटल्यावर तो तास संपेपर्यंत शोधत होता. चूक त्याची नव्हती. काकांच्या तोंडून अमेरिका हा शब्द त्याने कधी ऐकलाच नव्हता. तिकडे असं नसतं, तिकडे हे खपवून घेत नाहीत, तिकडे रस्त्यावर कागद टाकून बघा म्हणजे कळेल. मुलांनी मग त्यांचं नावच 'तिकडचे काका' ठेवलं.

हा माझा चुलतभाऊ. मी त्याला दादा म्हणतो. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो आणि एक वर्षाआड डिसेंबरात कोथरूडला आमच्याकडे उतरतो. मुंबईहून टॅक्सी पहाटे पाचला दारात येते. आम्ही स्वेटर, शाल, कानटोपी अशा जामानिम्यात खाली जातो, तर टॅक्सीतून दादा हाफ पँटमध्ये उतरतो. "याला थंडी म्हणता तुम्ही? तिकडे अशा हवेत आम्ही अंगणात पार्टी करतो." एवढं बोलून होईपर्यंत तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा आम्ही दोन मजले चढवलेल्या असतात. "तिकडे बॅग उचलावी लागत नाही, सगळं चाकांवर," असं तो मागून सांगत येतो.

पहिले तीन दिवस घरात दिव्यांचा घोळ असतो. तिकडे बटण वर केलं की दिवा लागतो, आपल्याकडे खाली केलं की. रात्री बाथरूमला उठलेला दादा सवयीने बटण वर ढकलतो. ते आधीच वर असतं. मग अंधारातून जाहीर होतं, "लाइट गेली वाटतं. तिकडे जात नाही." मी उठतो, बटण खाली करतो आणि येऊन झोपतो. ज्या गावाला दिव्यावाल्या एडिसनचं नाव आहे, तिथला रहिवासी आमच्या मोरीत दर दोन वर्षांनी चाचपडतो. माझ्या अभिमानाला तेवढंच पुरतं.

सकाळी चहाबरोबर प्रवचन सुरू होतं. तिकडे कोणी हॉर्न वाजवत नाही, वर्षातून एकदा वाजवला तर लोक माफी मागतात. तिकडे शेजारी फोन केल्याशिवाय येत नाही. (हे चाललेलं असताना आमच्या शेजारच्या वहिनी फोन न करता वाटीभर गाजरहलवा घेऊन आलेल्या असतात आणि ती वाटी दादाच्याच हातात असते.) तिकडे श्रमाला प्रतिष्ठा आहे. भांडी घासायला बाई कशाला लागते? डिशवॉशरमध्ये टाकली की विषय संपला. पंपावर गेलं की पेट्रोल आपलं आपण भरायचं. "तुम्हाला तिथेही माणूस लागतो. वर तो 'साहेब, झिरो बघा' म्हणतो. म्हणजे विश्वास नाहीच!"

तिकडच्या वैद्यकाची थोरवी सांगताना मात्र त्याचे उच्चार जरा अस्पष्ट येतात, कारण त्या वेळी गालात कापूस असतो. दर खेपेला एक रूट कॅनाल तो पुण्यात उरकून घेतो. विमा, वजावट, डॉक्टरांची तारीख या सगळ्याचं गणित त्याने मला एकदा कागदावर मांडून दाखवलं होतं. त्यातून निघालेलं उत्तर असं, की विमानाचं तिकीट धरूनही इथली दाढ परवडते. हे तो तिकडची उणीव म्हणून सांगत नाही. "तिकडे दातालासुद्धा किंमत आहे," असं सांगतो.

त्याच्या खिशातही एक गणित कायम चालू असतं. पुण्यात तो भागाकार करतो. मेथीची जुडी वीस रुपये म्हटली की "म्हणजे पाव डॉलर! फुकट आहे रे सगळं!" असं भाजीवालीसमोर ओरडतो. पुढच्या गिऱ्हाइकाला ती जुडी पंचवीसला पडते. ओरडून झालं की त्याच पाव डॉलरमध्ये कोथिंबीर वर मागायलाही तो विसरत नाही.

दादा गेला १९९८ साली. तेव्हा वाय-टू-केची धामधूम होती. जुन्या संगणकांनी वर्ष दोनच आकड्यांत साठवलेलं, त्यामुळे ९९ नंतर ०० आलं की यंत्रं थेट १९०० सालात जाऊन बसतील, बँका, विमा, वीज सगळं कोलमडेल, अशी जगाला धास्ती. कोबोलमधल्या जुन्या प्रोग्रॅमच्या ओळी चाळून तारखा दुरुस्त करायला माणसं हवी होती. लकडी पुलापलीकडच्या एका क्लासात सहा महिने कोबोल गिरवून दादाही त्या लाटेत गेला आणि दीड वर्ष परक्यांच्या तारखा चार आकडी करत बसला. १ जानेवारी २००० उजाडलं. जगबुडी काही झाली नाही. एकच यंत्र तपासायचं राहून गेलं होतं, ते म्हणजे दादा. त्याच्या आतलं पुणे ९८ वर अडकलं ते आजतागायत सरकलेलं नाही.

दुपारी दीडला मी बाकरवडी आणायला निघालो, तर तो हसला. "कुलूप बघून परत येशील. एक ते चार!" मी त्याला सांगितलं, की २०१७ पासून चितळ्यांचं दुकान दुपारीही उघडं असतं. त्याचा चेहराच उतरला. गिऱ्हाइकाची सोय हा तिकडचा पहिला धडा म्हणून आम्हाला वीस वर्षं शिकवणारा हा माणूस. इथल्या दुकानाने तो धडा गिरवला, तर म्हणतो, "मग आता पुण्यात राहिलं काय?"

एकदा त्याला मुद्दाम वनाजहून मेट्रोत बसवलं. डबा स्वच्छ, गाडी वेळेवर. दादाने नाव ठेवायला जागा शोधली. आधी आसनं बघितली, मग छत, मग दारं. दोन स्थानकं गेली तरी शब्द नाही. मला खरंच त्याची कीव आली. शेवटी गरवारे कॉलेजला दार उघडलं तेव्हा त्याला सुचलं. "नवी आहे म्हणून. न्यूयॉर्कची सबवे १९०४ सालापासून चालू आहे. एवढी टिकवून दाखवा, मग बोलू." दोघं समाधानाने उतरलो.

मंडईतला प्रसंग मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दादाने मेथी, मटार, हरभऱ्याची भाजी अशी पिशवीभर खरेदी केली आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून एक घडी काढली. हा त्याचा इंडियाचा कप्पा. परतताना उरलेले रुपये त्यात ठेवायचे आणि पुढच्या खेपेला उघडायचा. घडी उलगडली, पाचशेची नोट पुढे केली. मावशींनी ती हातात घेतली, उन्हात धरली आणि बाजूच्या गाळ्यावर दाखवली.

"ओ काका, ही नोट बंद पडून किती वर्सं झाली! २०१६ ला न्हाई का, रांगा लावल्या समद्यांनी?"

दादा रांगेत नव्हता. तो तेव्हा तिकडे होता.

"राहू दे, राहू दे," मावशी म्हणाल्या आणि तागडीखालचा क्यूआर कोडचा पुठ्ठा सरकवला. "स्कॅन करा." दादाच्या फोनमध्ये सगळं जग होतं, पण हे नव्हतं. पैसे मी दिले. दादाने ती नोट मावशींकडून परत मागून घेतली, पूर्वीच्याच घडीवर दुमडली आणि पुन्हा त्याच कप्प्यात ठेवली. बाहेर आल्यावर म्हणाला, "तिकडे डॉलरची कुठलीही जुनी नोट चालते." यात खोटं काही नव्हतं. तरी रिक्षात तो बराच वेळ गप्प होता.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाने मला फेब्रुवारीच्या शेवटी न्यू जर्सीला जायचं होतं. म्हटलं, चला, तिकडे एकदा डोळ्यांनी बघू. दादा विमानतळावर घ्यायला आला. गाडी पार्किंगमधून बाहेर काढता काढता म्हणाला, "आमच्याकडे कसं, माणूस यायचा म्हटलं की घ्यायला चौघं जातात. इथे कोणाला कोणासाठी वेळ आहे?"

मी मागे वळून बघितलं. बोलणारा दादाच होता.

वाटेत पेट्रोल घ्यायला थांबलो. मी श्रमप्रतिष्ठेला मान देऊन दार उघडायला लागलो, तर त्याने माझा हात धरला. "बस, बस. इथे आपण भरायचं नसतं." एक सरदारजी आले, नळी लावली, काच पुसली. मग कळलं, की न्यू जर्सीत गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्याने बंदी आहे. मी म्हटलं, "दादा, आणि ते आपलं आपण भरायचं?" तो म्हणाला, "ते बाकीच्या अमेरिकेत." थोड्या वेळाने पुढे म्हणाला, "पण हा झिरो बघा म्हणत नाही बघ. आमच्याकडे पंपावरचा माणूस किती आपुलकीने सांगतो."

घरी पोहोचलो. डिशवॉशर बघायची मला फार उत्सुकता होती. वहिनींनी उघडून दाखवला. आत हातानेच घासलेली भांडी निथळत ठेवली होती. तिथल्या आपल्या बहुतेक घरांत त्याचा तोच उपयोग असतो म्हणे. घासत होता दादा. पोटाला फडकं बांधून, कोपरापर्यंत फेस. "आमच्याकडे बरं असतं," कढईचा तळ खरवडत तो म्हणाला, "बाई येते, दोन गोष्टी बोलते, घरात जाग राहते. या यंत्राला कढईतलं काही कळत नाही."

घरात फोडणी करायची सोय नव्हती. हिंग-मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलतो. एकदा तर शेजारी फोन न करता धावत आला होता, तो तेवढाच. म्हणून फोडणी गॅरेजमध्ये, विजेच्या शेगडीवर, गाडीच्या शेजारी. वहिनी थंडीचा जाड कोट घालून आमटीची फोडणी करायला जात आणि झाकण दाबून धावत परत येत. दही ओव्हनमध्ये लागत होतं, म्हणजे ओव्हन बंद, आतला दिवा तेवढा चालू, त्याच्या उबेला पातेलं. दादाने मला रात्री अकरा वाजता ते काचेतून दाखवलं. पेटलेल्या दिव्याखाली स्टीलचं पातेलं, त्यावर ताटली. गाभाऱ्यातली मूर्ती दाखवावी तसं. "विरजण वीस वर्षांचं आहे. मोडू दिलेलं नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

इथे गणितही उलटलेलं होतं. ओक ट्री रोडवरच्या दुकानात मेथी दोन डॉलरला होती. पुण्यात भागाकार करणारा दादा इथे गुणाकार करत होता. "पावणेदोनशे रुपये! मेथीला! दरोडा आहे!" वहिनी जुड्या निवडत म्हणाल्या, "अहो, तुम्हाला पगार डॉलरमध्ये मिळतो."

एका सकाळी बर्फ पडलं. दादा फावडं घेऊन घरासमोरचा फुटपाथ साफ करत होता. मी दुसरं फावडं घेतलं. पुण्यात नागरिकाचं कर्तव्य या विषयावर तासभर बोलणारा दादा दर फावड्यामागे फक्त एक वाक्य बोलत होता, "आमच्याकडे हे असलं नसतं." त्याच्या पाठीचं दुखणं कुठून आलं तेही मला त्या दिवशी समजलं. आजूबाजूला आवाज म्हणून नव्हता. हॉर्न तर नव्हताच. दादा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "ऐकतोस ना? काहीच नाही. आमच्याकडे या वेळेला भंगारवाला येऊन जातो."

रात्री जेवताना असंच काहीतरी 'आमच्याकडे' चाललं होतं. माझी पुतणी तिकडेच जन्मलेली, यंदा कॉलेजला जाईल. ताटातून मान वर न करता तिने विचारलं, "बाबा, विच आमच्याकडे?"

दादा थांबला. त्याला प्रश्न कळला नाही असं नव्हतं.

"जिथे आत्ता आपण नाही ना, ते," वहिनी म्हणाल्या आणि मला भात वाढला.

मी निघायच्या आधीचा रविवार होता, मार्चमधला दुसरा. त्या दिवशी तिकडे सगळी घड्याळं तासभर पुढे करतात. सकाळी उठलो तर दादा स्टुलावर चढलेला. दिवाणखान्यातलं झालं, जिन्यावरचं झालं, शेगडीवरचं, मायक्रोवेव्हवरचं झालं, गॅरेजमध्ये जाऊन गाडीतलंही करून आला. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक घड्याळ राहिलं होतं. पांढरी तबकडी, काळे काटे, मी पहिल्या दिवसापासून बघत होतो की ते साडेदहा तास पुढचं चालतं. मी ते उतरवायला हात वर केला.

"त्याला नको," दादा पटकन म्हणाला. "ते पुण्याचं आहे. ते बदलत नाही."

मी मनातल्या मनात हिशेब केला. इकडचं सगळं तासाने पुढे सरकलं होतं, म्हणून पुणे आता साडेनऊ तासांवर आलं होतं. काटे न हलवता एका तासाने जवळ. फोन काढून ताडून बघितलं. घड्याळ मिनिटाला बरोबर होतं. तारखेचा चौकोन त्याला नव्हता.