चिमणी पाडली, अप्पा!

ती. अप्पा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

भाजणी-मेतकुटाचा डबा पोचला. लगेच कळवलं नाही, कारण घरात चिमणी पाडायचं चाललं होतं.

बैठकीतली फायरप्लेस आणि तिच्यामागचा विटांचा फुगवटा, दोन्ही काढलं. तुमचे चिरंजीव म्हणाले होते, "चार विटा तर काढायच्या!" त्या चार विटांवर माडीवरच्या आणि छपरावरच्या सगळ्या विटा बसल्यात, हे त्यांना इंजिनिअरने फी घेऊन सांगितलं. तुम्ही जन्मभर बांधकाम खात्यात, फोनवर फुकट सांगितलं असतंत. पण बापाला विचारायचं म्हणजे कमीपणा!

वॉल्थमस्टोतली आमची ही घरांची ओळ व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. तेव्हा खोलीखोलीत कोळसा जळायचा. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर विषारी धुरकं बसलं, हजारो माणसं दगावली. मग १९५६ चा कायदा आला आणि हळूहळू कोळशाच्या शेकोट्या विझल्या. तेव्हापासून ही बया नुसती जागा अडवून उभी. तरी तिला हात लावायचा तर कागदांची चळत! भिंत शेजारच्या आजींशी सामाईक, म्हणून १९९६ च्या कायद्याप्रमाणे त्यांना दोन महिने आधी लेखी नोटीस. आजींनी हरकत घेऊन सर्व्हेअर नेमला आणि त्याची फी भरली आम्ही. आपल्याकडे बांधावरून भाऊबंदकी होते, पण समोरच्याच्या वकिलाचे पैसे कोणी भरल्याचं ऐकलंय?

पहिला घाव पडला आणि कित्येक वर्षांची काजळी भसकन खाली आली, पाठोपाठ कुठल्या तरी पाखराच्या जुन्या घरट्याच्या पोतंभर काटक्या. प्लास्टिकचे पडदे लावले होते, पण काजळी त्यांना कसली जुमानते! देव्हाऱ्यात गणपती काळा, अन्नपूर्णा काळी. विठोबाला तेवढा काही फरक पडला नाही. मी तीन पाण्यांनी देव धुतले. चिरंजीव शिंकले की रुमालावर अजून शाई उमटते.

आता वर लोखंडी तुळई बसली. कौन्सिलचा माणूस ती बघून गेल्यावरच प्लास्टर झालं. छपरावरचं धुराडं मात्र तसंच राहिलं, कारण त्यातला अर्धा भाग आजींच्या गॅसच्या हीटरचा. एवढ्या खटाटोपातून मिळाली जेमतेम हातभर खोल जागा. तिथे मी पिठांचे डबे मांडलेत, त्यावरून घरात अबोला आहे.

काल आजी चहाला आल्या, जागा निरखून पाहिली आणि म्हणाल्या, आपलीही काढून टाकावी म्हणते. म्हणजे आता नोटीस आम्हाला येणार. चिरंजीव आत्तापासूनच सर्व्हेअर शोधताहेत.

आईंना सांगा, भाजणीची थालीपिठं फार छान झाली.

आपली,
सूनबाई