डीला हात लावत नाही

"पंखा फिरतोय का?" फोनवर त्याचा पहिला प्रश्न हाच. फिरतोय म्हटलं की दुसरा प्रश्न नाही. "मग काय न्हाई ओ, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारूया. येतो की संध्याकाळी." संध्याकाळ कुठल्या दिवसाची, हे विचारायचं नसतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पीटीएम आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असली तर तो दिवस गेलाच म्हणून समजा. आणि त्याची टीम हरली तर दुसराही.

शिवाजी पेठेत राहा नाहीतर राजारामपुरीत, असा एक जण तुमच्या मोबाईलमध्ये असतोच. आडनावानं सेव्ह केलेला नसतो, 'फॉरमॅट दादा' असा असतो. बी.कॉम. कुठवर आलंय हे विचारायचं घरच्यांनीही सोडून दिलंय. दिवसा कुठल्यातरी पतसंस्थेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात, आणि सहानंतर पाठीला सॅक लावून घरोघरी. सॅकमध्ये स्क्रू ड्रायव्हर, रबरबँडनं बांधलेला पेन ड्राइव्हचा जुडगा आणि एक शाळकरी खोडरबर. खोडरबराचं पुढं सांगतो.

दारात चप्पल काढली की नजर सरळ कॅबिनेटवर. बाजूचं झाकण आधीच उघडं असतं, कारण मागच्या खेपेला त्यानंच काढलेले दोन्ही स्क्रू अजून देव्हाऱ्याशेजारच्या वाटीत आहेत. "कवाधरनं वाट बघायलोय बघ तुझी," काकू म्हणतात. तो खुर्ची ओढतो, एकदा बटण दाबतो, काळ्या स्क्रीनकडं बघतो आणि शपथ घेतो, "काकू, लोड घेऊ नका. फक्त सी उडवणार. डीला हात लावत नाही."

त्याचा सुवर्णकाळ विंडोज एक्सपीचा. ती 2001 साली आली आणि 8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टनं तिच्यावरचा हात काढला. मधल्या काळात हा गडी पेठेत राजा होता. पंचवीस अक्षरांची की त्याला तोंडपाठ. बायकोचा वाढदिवस विसरेल, पण की म्हणताना कधी अडखळला नाही. (ती एकच की अख्ख्या पेठेला पुरून उरली होती, यावरून काय ते समजा.) सीडी घातली, निळा स्क्रीन आला, फायली चढल्या की सेटअप सांगायचा, अंदाजे 39 मिनिटं राहिली. त्या 39 मिनिटांत चहा व्हायचा, खारी व्हायची, महापालिकेच्या निवडणुकीचा निकाल लागायचा आणि आकडा 34 वर येऊन थांबलेला असायचा.

त्यातही खरी मजा पहिल्या रीस्टार्टला. सीडीवरून सुरू करायचं असेल तर कुठलंही बटण दाबा, अशी ओळ स्क्रीनवर येई. पहिल्यांदा दाबायचं असतं, दुसऱ्यांदा नाही. पण घरातलं पोरगं कीबोर्डशेजारी तयारीतच बसलेलं. त्यानं एंटर हाणला की सेटअप पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा निळा स्क्रीन, पुन्हा 39 मिनिटं, पुन्हा चहा. तिसऱ्या फेरीला दादा सीडी उजेडात धरून तिरकी करून बघायचा आणि निदान सांगायचा, "सीडीच वंगाळ हाय."

माझी त्याच्याबद्दल तक्रार एवढीच. काय बिघडलंय ते बऱ्याचदा स्क्रीनवर स्वच्छ लिहिलेलं असतं. पण तो ओळी वाचत नाही, 'नेक्स्ट' कुठाय ते शोधतो.

एक्सपीच्या, सेव्हनच्या जमान्यात हे खपून गेलं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा पाठिंबा संपला आणि गल्लीगल्लीतून त्याला फोन सुरू झाले, "आमच्यावर अकरा टाकून दे." आणि विषय हार्ड झाला. पहिल्याच पायरीला सेटअप म्हणतं, या पीसीवर विंडोज 11 चालणार नाही. तो ताबडतोब मशीनला म्हातारं ठरवून मोकळा होतो. वास्तविक अकराला टीपीएम 2.0 लागतं, आणि बऱ्याच मदरबोर्डवर ते असतंच, फक्त बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं. पुण्यातल्या कुठल्यातरी मित्राला फोटो पाठवल्यावर हे कळतं. चालू करतो. पुढं जातो. मग दुसरी पाटी येते. डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय सिस्टीमवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवरच बसतं.

ही पाटी मात्र तो वाचतो, कारण इथं नेक्स्ट दबतच नाही. सरसकट पुसून जीपीटी करायचं तर अख्खी डिस्क साफ होणार. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग, वाटणी होऊनही एकाच वाड्यात राहणाऱ्या भावांसारखे. वाडा पाडला की दोघंही रस्त्यावर. माऊसवरचा त्याचा हात थांबतो. काकू विचारतात, "का रं, गप का झालास?" एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन वापरून बऱ्याचदा डेटा न घालवता डिस्क बदलता येते, पण ते नाव याच्या कानावरच आलेलं नसतं. शेवटी तो निमूट डिस्क काढतो, सॅकमधल्या दुसऱ्या डिस्कवर आधी डी उतरवून घेतो. रात्रीचे अकरा वाजतात. शपथ पाळणारा माणूस आहे, हे कबूल केलं पाहिजे.

सगळं जमल्यावर मध्येच 0x80070570 येतो. म्हणजे फायली खराब किंवा वाचता येईनात. दोष पेन ड्राइव्हचा, डिस्कचा किंवा रॅमचा. इथं खोडरबर बाहेर निघतो. रॅमची पट्टी काढायची, खालच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हलक्या हातानं फिरवायचा, कण झटकायचे आणि दोन्ही खटके वाजेपर्यंत पट्टी परत दाबायची. बघणाऱ्याला हसू येतं, पण दातांवर चढलेला थर खरोखर निघतो आणि बरीच मशीनं खरोखर उठतात. उठलं की तो आपल्याकडं बघतो. ती नजर नाद खुळा!

हसायचं तेवढं हसा, पण 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा भिजलेलं मशीन चालू करून बघू नका, म्हणून दारोदार ओरडत फिरणारी माणसं हीच होती. सर्व्हिस सेंटरवाला घरी येत नाही. हा येतो, आणि पैशाचं विचारलं तर म्हणतो, "द्या की, तुमास्नी कळतंय."

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन, पोरीच्या बारशाचे फोटो गेले. "डीला हात लावला न्हाई ओ," तो म्हणतो आणि ते शंभर टक्के खरं असतं. फोटो डेस्कटॉपवर होते, आणि डेस्कटॉप सीमध्ये असतो.

तेव्हा त्याला फोन लावण्याआधी, मशीन उठतंय तोवरच, डेस्कटॉपवरचं सगळं वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवा, डीवर नको. आणि तो समोर बसला की स्क्रीनवर काय लिहून आलंय ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवा.