अंगठा चालत नाही

नांदेडला वजिराबादेत किंवा लातूरला गंजगोलाईच्या एखाद्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत हा इसम हमखास सापडतो. पाटीवर ‘डीटीपी, लग्नपत्रिका, थिसिस, पीडीएफ करून मिळेल’. उन्हाळ्यात पत्रिका, पावसाळ्यात क्लासच्या नोट्स, असा त्याचा हंगाम. लोक त्याला सर म्हणतात, काम घाईचं असलं की भाऊ म्हणतात आणि बिल द्यायच्या वेळी मामा.

त्याच्याकडे अजून पेजमेकर चालतं. त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. पुढं कंपनीनं नाद सोडला, यानं नाही. श्रीलिपीत त्याची बोटं कीबोर्डाकडे न बघता धावतात. युनिकोडचं नाव काढलं, की मात्र सुनेच्या माहेरचा विषय निघाल्यासारखं तोंड होतं.

दैवत एकच, पीडीएफ. ॲडोबीनं ती १९९३ साली आणली आणि २००८ साली ती आयएसओचं प्रमाण झाली, हे तो न विचारता सांगतो. “पेजमेकरची फाईल दिली अन् समोरच्याकडं फॉन्ट नसला, की ‘शुभविवाह’च्या जागी डॉलर, टक्के अन् इंग्रजी अक्षरं! पीडीएफमधी फॉन्ट पोटातच बसवून देतो आपण. नांदेडची वेलांटी लातूरपर्यंत जागची हलणार न्हाई.”

गिऱ्हाईकाला तो दोन पीडीएफ देतो. मोबाईलवर बघायला हलकी. प्रेससाठी जड, तीनशे डीपीआयची, सीएमवायके रंगांची, कडेनं तीन मिलिमीटर ब्लीड आणि कटमार्क असलेली. गिऱ्हाईक नेमकी हलकी प्रेसला पाठवतं आणि जड काकूंना. मग पत्रिकेवरचा गणपती धूसर उमटतो, आणि काकू विचारतात, “कोपऱ्यात ह्या रेघा कशाच्या?”

एकदा एक प्राध्यापक आले. थिसिस शोधगंगेवर जायचा होता आणि त्या पीडीएफमध्ये एकही मराठी शब्द शोधून सापडत नव्हता. जुन्या फॉन्टचा हा गुणच आहे : डोळ्याला मराठी दिसतं, संगणकाला आत भलतंच काही दिसतं. यानं चष्मा वर केला. “दिसायलंय ना नीट? मग शोधायचं कशाला सर, वाचा की!”

छापायच्या आधी प्रूफवर सही घ्यायची, हा त्याचा जुना नियम. आता प्रूफ व्हॉट्सॲपवर जातं आणि उलट टपाली अंगठा येतो. तो लगेच फोन लावतो. “अंगठा चालत नाही. शिकले-सवरलेले लोक तुम्ही. ओके लिहा.”

गेल्या लग्नसराईत मुलगा नांदेडचा, मुलगी लातूरची. भावकीतल्या जुन्या पत्रिकेची फाईल उघडून यानं नावं बदलली आणि पीडीएफ दोन्हीकडच्या ग्रुपवर गेली. पूर्वी प्रूफ एकटा मुलीचा बाप वाचायचा. आता हैदराबादच्या मामांपासून पुण्याच्या आत्यापर्यंत सगळ्यांनी वाचलं; म्हणजे प्रत्येकानं आपापलं नाव शोधलं. स्वागतोत्सुकांत दोन जावई वाढले, ‘किलबिल’मध्ये एक अजून न जन्मलेलं बाळ शिरलं. चाळीस ओके जमले. पत्रिका पूर्ण वाचली ती फक्त आजोबांनी. त्यांच्या नावाआधी ‘कै.’ होतं.

आजोबांनी स्वतः फोन केला. “मी गेलेलो आसल, तर आहेराचं तुमचं तुम्ही बघा.”

याला ‘कै.’चं ‘श्री.’ करायला अर्धं मिनिट लागलं. पण पहिली पीडीएफ तोवर उदगीर, देगलूर, अहमदपूर करत पुढं निघाली होती, वेलांटीसुद्धा जागची न हलता. दोन दिवस आजोबांच्या घरी सांत्वनाचे फोन येत होते आणि ते आजोबाच उचलत होते.

तेव्हापासून पत्रिकेचा मजकूर घेताना तो घरातल्या वडीलधाऱ्यांचा हयातीचा दाखला मागतो. पेन्शनसाठी नोव्हेंबरात बँकेत दिलेला असेल, तर त्याची पीडीएफ चालते.