व्हेनिस : सांगलीच्या माहितीसाठी

व्हेनिस हे इटलीच्या ईशान्य भागात, एड्रिआटिक समुद्राकाठच्या खारकच्छात वसलेले शहर. शंभराहून अधिक लहान बेटे, त्यांना जोडणारे चारशेच्या वर पूल आणि रस्त्यांच्या जागी कालवे, अशी त्याची रचना आहे. मोटार, रिक्षा, स्कूटर यांपैकी काहीही जुन्या शहरात शिरत नाही. पायी चालावे, नाहीतर पाण्यातून जावे. परवाच्या फोनवर सांगलीहून आजींनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच दिलेले बरे : शहर बुडालेले नाही. मिलानचे बिऱ्हाड (मुलगा, सून, थोरली नात आणि धाकटा नातू) मे २०२५ मधल्या एका शनिवारी तिथे गेले तेव्हा ते जागेवर होते, आणि धाकट्याचे मोजे सोडले तर कोणाचेही काही भिजले नाही.

फोनवर चौघे एकदम बोलतात, कळत काहीच नाही, तेव्हा भूगोलाच्या पुस्तकात असते तसे क्रमवार, ‘मी, मला, माझे’ न करता लिहून पाठवा, असा नानांचा आदेश आहे. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाचा आदेश मोडण्याची पद्धत या घराण्यात नाही. म्हणून प्रस्तुत लेखन. ते स्वयंपाक, इस्त्री आणि थोरलीची शिकवणी यांच्यामधल्या फटींत झालेले असल्याने शाई दोन-तीन रंगांची आहे.

प्रथम पाणी. आजींची काळजी निराधार नाही. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री येथे भरतीचे पाणी १८७ सेंमीपर्यंत चढले होते. १९६६ साली ते त्याहीवर, १९४ सेंमीपर्यंत गेले होते. त्याच २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती, त्यामुळे असे आकडे कसे वाचायचे हे सांगलीकरांना शिकवायला नको. ५७ फूट म्हणजे हरभट रोडवर ५७ फूट पाणी नव्हे, तसे १८७ सेंमी म्हणजे चौकात माणूसभर पाणी नव्हे. दोन्ही आकडे ठरलेल्या शून्यापासून मोजायचे. व्हेनिसचे शून्य १८९७ सालच्या समुद्रपातळीवर धरलेले आहे. हे पाणी चढते ते मुख्यतः ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान. शिवाय ऑक्टोबर २०२० पासून खारकच्छाच्या तिन्ही तोंडांशी मिळून ७८ झडपा कामाला लागल्या आहेत. एरवी त्या पोटात पाणी भरून तळाशी आडव्या पडलेल्या असतात. मोठी भरती येणार असली की आत हवा सोडतात, पाणी बाहेर जाते आणि त्या उठून उभ्या राहतात. हा मजकूर कोथरूडच्या बंडूकाकांपर्यंत जाऊ नये. कृष्णेवरही अशाच झडपा बसवा म्हणून ते वर्तमानपत्राला पत्र लिहितील, आणि ते छापून आले नाही की आठवडाभर कोथरूडचा फोन खाली ठेवला जाणार नाही.

नानांचा प्रश्न वेगळा होता : शहर लाकडी खुंटांवर उभे, मग लाकूड कुजत कसे नाही? चिखलात खोल ठोकलेल्या खुंटांना हवा लागत नाही आणि हवेवाचून कुजवणाऱ्या जिवाणूंचे फारसे चालत नाही, हे त्याचे उत्तर. १६३० च्या प्लेगनंतर बांधलेल्या सालूते चर्चखाली दहा लाखांहून अधिक खुंट आहेत असे सांगतात. सांगलीच्या वाड्याच्या मागील सोप्याचे वासे मात्र हवेत असल्याने ते बदलावेच लागतील. सुताराला ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणू नये.

मिलानहून व्हेनिसला जलद गाडीने साधारण अडीच तास लागतात. वाटेत ब्रेशिया, व्हेरोना, पादोव्हा लागते. शेवटचा टप्पा खारकच्छावरच्या लांब पुलावरून जातो; हा आगगाडीचा पूल १८४६ चा. पुलावर गाडी चढली की दोन्ही बाजूंना पाणी दिसते आणि सगळा डबा उभा राहून फोटो काढतो. आजींच्या भाजणीची थालीपिठे ब्रेशियालाच निघाली होती. त्या वासाने समोरच्या बाकावरच्या बाईंनी आधी खिडकीकडे पाहिले, मग डब्याकडे, आणि व्हेरोना यायच्या आत त्यांनी अर्धे खाऊन लसणाबद्दल चौकशीही केली.

यानंतर प्रवेशशुल्क. या विषयाला जास्त जागा लागेल.

एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने शहरात शिरण्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली आहे. संग्रहालयाचे नव्हे, देवळाचे नव्हे, शहराचे. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५ मध्ये ते ५४ झाले. मुख्यतः शुक्रवार ते रविवार आणि सणासुदीचे दिवस, सकाळी साडेआठ ते दुपारी चार. चार दिवस आधी पैसे भरले तर माणशी ५ युरो, नंतर जाग आली तर १०. चौदा वर्षांखालील मुलांना माफ. शहराच्या हद्दीत रात्री मुक्काम करणाऱ्यांनाही माफ, कारण त्यांच्याकडून मुक्कामाचा कर निराळा वसूल होतो. पण माफी आहे अशी नोंदणी त्यांनीही करायची. म्हणजे हा भुर्दंड आहे तो फक्त सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांना.

मिलानच्या बिऱ्हाडातले गृहस्थ सहलीचा निर्णय गुरुवारी, हवामानाचा अंदाज पाहून घेतात. आभाळ बघितल्याशिवाय तिकीट काढायचे नाही ही शिकवण खुद्द नानांची असल्याने त्यावर घरात टीका झाली नाही. झाला तो हिशेब. दोघे मोठे आणि पंधरा वर्षांची थोरली असे तिघांचे ३० युरो, म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये, आणि तेवढ्यात एक खुर्चीसुद्धा मिळत नाही. नऊ वर्षांचा धाकटा फुकट. पैसे भरले की फोनवर चौकोनी ठिपक्यांचे चित्र येते. ते स्टेशनाबाहेर दाखवायचे, नसेल तर दंड, असा नियम. प्रत्यक्षात बिऱ्हाडाला कोणीच हटकले नाही. तीन हजार खर्चून ते चित्र कोणी बघितलेही नाही, हे धाकट्याला पटेना. त्याने आईचा फोन घेतला आणि जाकीट घातलेल्या एका पोरगेल्या तपासनिसापाशी जाऊन स्वतः दाखवला. तपासनिसाने मान डोलावली. फोन परत आईच्या पर्समध्ये गेला तेव्हाच बिऱ्हाड पुढे हलले.

चारनंतर प्रवेश फुकट असल्याचे थोरलीने तिथेच वाचून काढले. आजी असत्या तर चारपर्यंत सगळ्यांना स्टेशनाच्या पायऱ्यांवर बसवून ठेवले असते. तेही चालत नाही. जिथे तिथे फतकल मारून बसायला, डबा उघडून खायला येथे बंदी आहे आणि दंड थालीपिठांच्या किमतीच्या पुष्कळ पुढे जातो. सेंट मार्क चौकात कबुतरांना दाणे टाकायला २००८ पासून मनाई आहे. त्यामुळे पार्सलातून आलेले भडंग कसे खाल्ले हे नमूद करणे आवश्यक ठरते : चालत, खिशातून, एका वेळी चिमूटभर, आणि शेंगदाणा खाली पडला तर कबुतराच्या आधी उचलत. जी कबुतरे चौकात आहेत ती बिऱ्हाडाच्या मागे रिआल्तोच्या पुलापर्यंत आली.

(येथे कुकर झाला. पुढील मजकूर जेवणानंतरचा.)

गोंडोला ही सुमारे अकरा मीटर लांबीची काळी नाव. नावाडी मागे उभा राहून एकाच बाजूने वल्हे मारतो, म्हणून नाव गोल फिरू नये यासाठी तिची डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंमी जास्त रुंद ठेवलेली असते. हिचा दर नगरपालिकेने ठरवून दिला आहे : दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. नव्वद युरो म्हणजे साडेआठ हजार रुपये. तेवढ्यात नाव मिळते, गाणे मिळत नाही. दर ऐकून सूनबाईंनी जो चेहरा केला तो हुबेहूब आजींचा होता, हे गृहस्थांनी बोलून दाखवले आणि पुढचे दोन पूल त्यांना एकट्याला चालावे लागले.

गरीब प्रवाशांसाठी उतार-नाव असते. शहराच्या मधोमध जाणाऱ्या महाकालव्यावर मोजकेच पूल आहेत, त्यामुळे मध्ये मध्ये अशी नाव या काठाहून त्या काठाला माणसे पोचवते. तिचे रूप थेट गोंडोल्याचे, आकार थोडा मोठा, नावाडी दोन आणि भाडे माणशी २ युरो. प्रवास दोनेक मिनिटांचा. एवढ्या वेळात तीन फोटो निघतात. घरच्या ग्रुपवर पडलेले ते हेच. ‘वा, गोंडोला! चंगळ आहे!’ अशी बंडूकाकांची टीप आली, तिला मिलानहून फक्त नमस्काराचे चित्र गेले.

बाकीची प्रेक्षणीय स्थळे थोडक्यात उरकता येतात. सेंट मार्कचा मनोरा १४ जुलै १९०२ रोजी सकाळी कोसळला आणि होता तिथेच, होता तसाच पुन्हा बांधून १९१२ साली खुला झाला. गॅलिलिओने १६०९ मध्ये आपली दुर्बीण इथल्या सरदारांना याच जागेवरच्या जुन्या मनोऱ्यावरून दाखवली होती. नानांच्या वतीने तिथे वर जायचे ठरले होते, पण रांग पाहता खालून मान वर करण्यात आली. रिआल्तोचा पूल १५९१ चा आहे. त्यावरून महाकालवा दिसतो असे छापलेले असते, दिसतात ते पुढच्या रांगेतले खांदे. चौकातल्या उपाहारगृहांत वाद्यवृंद वाजतो आणि बसून कॉफी घेतली तर त्या संगीताचे माणशी सहा-एक युरो बिलात वेगळे लागतात. बिऱ्हाडाने संगीत उभ्याने ऐकले. सार्वजनिक शौचालयाचे दीड युरो पडतात, आणि धाकट्याला दर पुलावर पाणी प्यायची सवय. पिण्याच्या पाण्याचे नळ तेवढे या शहरात फुकट आहेत, हा दोन नियमांतला विरोध कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही.

शहर सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण स्टेशन ते रिआल्तो ते सेंट मार्क या एका वाटेवर सगळे जग चालते आणि त्या वाटेवर मुखवटे आणि फ्रिजला चिकटवायची चित्रे यांखेरीज काही विकत नाहीत. किराणा नाही, चपला शिवणारा नाही, गिरणी तर नाहीच. त्या वाटेवरून डावीकडे दोन बोळ आत शिरले की एकदम माणूस दिसेनासा होतो. अशाच एका बोळात समोरासमोरच्या खिडक्यांत कप्पीवर दोरी ओढून धुणे वाळत घातले होते : चादरी, एक गाऊन, लहान मुलाची चड्डी. वरच्या स्वयंपाकघरात कांदा परतत होता, भांडे आपटले, आणि एक बाई कोणाला तरी जेवायला या म्हणून दोनदा ओरडली. भाषा इटालियन, चाल सांगलीच्या गावभागातली. बिऱ्हाड तिथे काही कारण नसताना थांबले. धाकट्याने ‘आजी’ एवढेच म्हटले, आणि सूनबाईंना पर्समध्ये काहीतरी शोधायची घाई झाली.

रिआल्तोजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत आकडा लावलेला असतो. तो जुन्या शहराच्या लोकसंख्येचा. १९५१ च्या सुमारास इथे पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरे आहेत, खिडक्यांत कुंड्या आहेत. पण बरीच घरे आठवड्याच्या भाड्याने पाहुण्यांना दिलेली, आणि तरुण मंडळी खाडीपलीकडे मेस्त्रेला किंवा आणखी दूर कामाला गेलेली. दिवसापुरत्या गर्दीचा उरलेल्या रहिवाशांना त्रास होऊ नये म्हणून शुल्क बसवले, असे नगरपालिका सांगते.

ही माहिती वाचल्यावर नानांना जे सुचेल ते मिलानला आधीच सुचले आहे. वाड्याचा आकडा एकेकाळी पंगतीला बावीस होता, आज दोन आहे. गणपतीत पाहुणे येतात. कोथरूडची मंडळी अकराला पोचतात, मोदक खातात, झोपाळ्यावर फोटो काढतात आणि ट्रॅफिकच्या आधी म्हणून चारला निघतात. व्हेनिसच्या नियमाने हे सर्व जण शुल्काला पात्र ठरतात. चार दिवस आधी कळवण्याची त्यांना सवय नसल्याने दुपटीच्या दराने. मिरजेच्या आत्या मुक्काम करतात, त्यांना माफी. मिलानचे बिऱ्हाड गेली तीन वर्षे ना मुक्कामाला आले, ना दिवसापुरते, त्यामुळे त्यांचा दर कोणत्याच तक्त्यात सापडत नाही. यंदा (२०२५) गणपती २७ ऑगस्टला आहेत आणि इटलीतल्या शाळा सप्टेंबरच्या मध्याला उघडतात. तिकिटे काढून झाली आहेत, आभाळ न बघता. मुक्काम सतरा रात्रींचा. नोंदणी आजींनी करावी.

आता इतर. भाजणी, मेतकूट आणि भडंग पोचले. पार्सलाच्या चिठ्ठीवर ‘औषधी पीठ’ असे पुन्हा लिहू नये, त्यावरच दोन दिवस अडकले होते. साजूक तूप आणि पेढे पाठवू नयेत. दुधाचे पदार्थ युरोपबाहेरून आणायला येथे मनाई आहे, आणि ‘आपल्या गवळ्याचे आहे’ हे कारण कस्टममध्ये चालत नाही. आत्यांच्या जावयांनी नोकरी सोडली हे कळले. ती तिसरी की चौथी याविषयी मिलानमध्ये मतभेद आहेत. आडाची मोटर पुन्हा जळली असेल तर शेजारच्या पोराकडून गुंडाळून घेण्यापेक्षा नवीच घ्यावी, पैसे पाठवले आहेत. गुडघ्याचे तेल आजींनी लावायचे आहे, कपाटात ठेवायचे नाही. नानांनी मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलल्याची बातमी आत्यांकडून आली. हे पत्र त्यांना बारीक अक्षरामुळे वाचता येत नसेल तर तो पुरावा धरण्यात येईल.

पत्र वाड्यावर सर्वांसमक्ष मोठ्याने वाचायला हरकत नाही. बंडूकाका असतील तर उतार-नावेचा परिच्छेद गाळावा.