नागपूरचा चंद्र

माझ्या लहानपणी आमच्या घरातला देव फार कडक शिस्तीचा होता. दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोती, मग परवचा, आणि त्यात पावकी-निमकीपासून साडेतीनच्या औटकीपर्यंत सगळं आलं. देवाचा आणि पाढ्यांचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. रामरक्षेच्या 38 श्लोकांत एखादी ओळ गळली, की पोळ्या लाटता लाटता आई आतून ओरडायची, "पहिल्यापासून!" रामाने माझं अनेक संकटांपासून रक्षण केलं असेल, पण आईपासून कधी केलं नाही.

तीच आई आता आजी झाली आहे आणि तिच्याबरोबर देवही मवाळ झाला आहे. माझी मुलगी रामरक्षेतले मधले श्लोक गाळत, गादीवर उड्या मारत म्हणते. आजी म्हणते, "असू दे, भाव महत्त्वाचा." नैवेद्याआधी मोदकाला हात लावला म्हणून मी धपाटे खाल्लेले आहेत. मुलीने परवा अख्खा मोदक उचलला, तर आजीने त्यावर तूप वाढलं. लहान मुलं म्हणजे म्हणे देवाघरची फुलं. मी बहुधा शेजारच्या घरचं होतो.

संकष्टीला तर कमाल झाली. पावसाळ्यातली चतुर्थी, आभाळ गच्च, चंद्रोदयाला अवकाश आणि मुलीच्या पोटात कावळे. आमच्या वेळी गॅलरीत उभं राहून ढग मोजावे लागत. आजीने चष्मा पुसला, भिंतीवरच्या कालनिर्णयाजवळ गेली, गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळांवरून बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "नागपूरला उगवलाय. जेव तू." मी म्हटलं, "अगं, आपण मुंबईत राहतो." "चंद्र एकच आहे ना?" यावर खगोलशास्त्रही गप्प बसेल.

एकादशीला मुलीने फ्रेंच फ्राइज मागितले. माझा जीव दडपला. आजीने मात्र थंड डोक्याने सुनावणी घेतली. बटाटा? चालतो. शेंगदाण्याचं तेल? चालतं. मीठ? सैंधव घालू. प्रकरण अडलं ते केचपपाशी. आजीने बाटली उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचली. "कांदा आहे, लसूण आहे. हे नाही चालायचं." शेवटी दह्यात दाण्याचं कूट आणि चिमूटभर साखर कालवली गेली आणि त्यात फ्रेंच फ्राइज बुडवून आमच्या कन्येने एकादशी यथासांग पाळली.

मला राहवलं नाही. मी इतिहास काढला. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कसावा, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. युरोपातली गलबतं समुद्र ओलांडून आली, त्यांच्या पाठोपाठ ती इकडे पोचली. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या वारकऱ्याने एकादशीला यातलं काहीही खाल्लेलं नाही. मग हे सगळं उपासाला चालतं, हे ठरवलं कोणी?

"कोणी म्हणजे?" आई म्हणाली. "कोणाच्या तरी आजीने. पोराला भूक लागली असेल."

मला वाटतं, या विषयावर याहून जास्त संशोधन करायची गरज नाही. शास्त्र पोथीत असतं, पण 'चालतं' आणि 'नाही चालत' याचा निकाल स्वयंपाकघरात लागतो आणि तिथल्या न्यायाधीशाच्या मांडीवर बहुधा एखादं नातवंड बसलेलं असतं.

गंमत म्हणजे हा ढिला कारभार लागू पडतो. मला रामरक्षा बिनचूक पाठ आहे, पण ती आठवते विमान हलायला लागल्यावर. मुलगी अर्धीमुर्धी म्हणते, पण कोणी न सांगता रोज म्हणते. आणि नियमांच्या बाबतीत आता तीच ठाणेदार झाली आहे. गेल्या संकष्टीला मी चहात बुडवायला बिस्किट उचललं, तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं. "बाबा, मैदा असतो त्यात!"

मी आईकडे वशिला लावून पाहिला. एका बिस्किटाचा तर प्रश्न होता.

"सवलत नातवंडांना असते," आई म्हणाली. "तू आजोबा झालास की वाट हवी तेवढी."